पाटी तीच, धंदा दुसरा : विमेरातल्या एका मेकॅनिकची व्हिसा-फाइल

सप्टेंबर २०२१ मधल्या एका रविवारी त्याचा पहिला फोन आला. मेलबर्नमध्ये तेव्हा सहावा लॉकडाउन चालू होता. तो बोलत होता विमेरातून, मेलबर्नच्या वायव्येला तीनेकशे किलोमीटरवर असलेल्या हॉर्शमच्या आसपासच्या एका छोट्या गावातून. नाव सांगून झाल्यावर त्याने थेट विचारलं, "ताई, गॅरेज तेच, काम तेच, दारावरची पाटीसुद्धा तीच. मग माझा अर्ज पडला कसा?"

मी ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत स्थलांतर सल्लागार म्हणून काम करते. त्याचं प्रकरण त्याच्या परवानगीने मांडते आहे. त्याची ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. नियम आणि ते बदलल्याच्या तारखा मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत, कारण या प्रकरणात सगळा घोळ तारखांचाच आहे.

तो कागल तालुक्यातला. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला, मग पाच वर्षं उसाची वाहतूक करणारे ट्रॅक्टर आणि ट्रक दुरुस्त केले. गळीत हंगामात रात्री दोनला फडात जाऊन गिअरबॉक्स उतरवलेला माणूस. २०१३ मध्ये शिक्षण-व्हिसावर मेलबर्नला आला, अवजड वाहनांच्या दुरुस्तीचं सर्टिफिकेट थ्री आणि त्यानंतर डिप्लोमा केला. पुढे पदवीनंतरचा १८ महिन्यांचा ४८५ व्हिसा मिळाला आणि मार्च २०१६ मध्ये तो विमेरातल्या या गॅरेजात लागला.

विमेरा म्हणजे गहू, जव आणि मसूर. आपल्याकडे दुकानात जी आयात केलेली मसूर डाळ मिळते, तिच्यातली काही याच पट्ट्यातून येते. डिसेंबर २०१७ मध्ये भारताने मसूर आणि हरभऱ्यावर ३० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा गॅरेजात आलेले शेतकरी त्यालाच विचारायचे, "तुमच्या सरकारने हे काय केलं?" नोव्हेंबर-डिसेंबरात कापणी सुरू झाली की हार्वेस्टर, ज्याला तिथे 'हेडर' म्हणतात, बंद पडून चालत नाही. वर पाऊस घोंगावत असतो आणि एक दिवस यंत्र उभं राहिलं तर पीक पडतं. अशा वेळी शेताच्या बांधावर येऊन इंजिन खोलणारा माणूस गावाला किती मोलाचा असतो, हे ऊसपट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण शहरातून अशा गावात येऊन राहणारे मेकॅनिक मिळत नाहीत. प्रादेशिक स्पॉन्सरशिपची सगळी व्यवस्था त्यासाठीच उभी राहिली आहे.

मार्च २०१७ मध्ये गॅरेजच्या मालकाने त्याला स्पॉन्सर करायचं ठरवलं. तेव्हाचा मार्ग होता १८७ व्हिसाचा, म्हणजे रीजनल स्पॉन्सर्ड मायग्रेशन स्कीमचा, आणि त्यातल्या 'डायरेक्ट एंट्री' प्रवाहाचा. मंजुरी मिळाली की थेट पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क. म्हणून आपल्या मुलांमध्ये या व्हिसाचं फार आकर्षण होतं.

यात दोन वेगवेगळे अर्ज असतात. हे नीट समजलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. पहिला अर्ज मालकाचा, त्याला नॉमिनेशन म्हणतात. माझ्याकडे ही जागा आहे, ती पूर्णवेळ आहे, निदान दोन वर्षं राहणार आहे, स्थानिक माणूस मिळत नाही, आणि मी ऑस्ट्रेलियात कायदेशीरपणे, प्रत्यक्ष धंदा चालवतो आहे, एवढं मालकाने सिद्ध करायचं. त्या काळी त्या भागासाठी नेमलेल्या प्रमाणन संस्थेचा अभिप्रायही त्याला जोडावा लागे. दुसरा अर्ज कामगाराचा, व्हिसासाठी. त्यात वय, इंग्रजी, शिक्षण, अनुभव. दुसरा अर्ज पहिल्याच्या खुंटीला टांगलेला असतो. कामगाराचे कागद कितीही चोख असले तरी खुंटी निघाली की ते खाली येतात. आणि खुंटी कामगाराच्या हातात नसते. नॉमिनेशनची फाइल मालकाची असते, तिची पत्रं मालकाला जातात. ती नामंजूर झाली तर तिच्याविरुद्ध दाद मागायचा हक्कही मालकालाच असतो.

दोन्ही अर्ज मार्चमध्येच दाखल झाले. अभिप्राय अनुकूल होता. पुढच्याच महिन्यात, १८ एप्रिल २०१७ रोजी, पंतप्रधान टर्नबुल यांनी ४५७ व्हिसा, म्हणजे मालक-पुरस्कृत तात्पुरता कामाचा व्हिसा, बंद करून सगळी व्यवस्था कडक करण्याची घोषणा केली. आपण वेळेत सुटलो असं या मुलाला वाटलं, आणि तोवर ते खरंही होतं. ४८५ ची मुदत संपल्यावर तो ब्रिजिंग व्हिसा ए वर, म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंत देशात राहू देणाऱ्या व्हिसावर, आला आणि निर्णयाची वाट पाहू लागला.

अकरा आकडे

मालकाचं वय तेव्हा बासष्ट. गुडघे गेलेले. १ जुलै २०१८ ला, ऑस्ट्रेलियाचं नवं आर्थिक वर्ष सुरू होतं त्या दिवशी, त्याने गॅरेज जावयाला विकलं. जावयाने त्यासाठी एक कंपनी काढली. पाटी बदलली नाही, कारण चाळीस वर्षांची पत त्या पाटीवर होती. हत्यारं तीच, गिऱ्हाईक तेच. म्हातारा अजूनही सकाळी येऊन चहा पिऊन जायचा.

पण म्हातारा 'सोल ट्रेडर' होता, म्हणजे धंदा त्याच्या वैयक्तिक नावावर होता. कायद्याच्या नजरेत गॅरेज नावाची वेगळी वस्तूच नव्हती. होता तो एक माणूस, जो गॅरेज चालवत होता. नॉमिनेशन दाखल केलं होतं त्या माणसाने. १ जुलैला तो माणूस गॅरेज चालवेनासा झाला, त्याच दिवशी नॉमिनेशनचा पाया गेला.

हाच धंदा सुरुवातीपासून कंपनीच्या नावावर असता आणि म्हाताऱ्याने जावयाला कंपनीचे शेअर विकले असते, तर कंपनी तीच राहिली असती, क्रमांक तोच राहिला असता आणि नॉमिनेशनला या कारणाने धक्का लागला नसता. दारावरून जाणाऱ्याला दोन्ही व्यवहार सारखेच दिसतात. व्हिसाच्या फाइलीत मात्र एक जगवतो आणि दुसरा मारतो.

मराठी माणूस इथे हमखास फसतो असा एक शब्द आहे. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर 'प्रोप्रायटर' लिहिलेलं असतं, म्हणजे एकटा मालक. ऑस्ट्रेलियात कंपनीच्या नावापुढे 'प्रोप्रायटरी लिमिटेड' लिहितात, आणि त्याचा अर्थ नेमका उलटा, खासगी मर्यादित कंपनी. नव्या करारावर या मुलाने तो शब्द वाचला होता. "मला वाटलं, जावई प्रोप्रायटर झाले, एवढंच," तो म्हणाला.

बदल त्याला दिसत नव्हता असंही नाही. ऑस्ट्रेलियात पगाराच्या पावतीवर मालकाचं नाव आणि त्याचा एबीएन, म्हणजे अकरा आकडी व्यवसाय क्रमांक, छापलेला असतो. मी त्याला जून आणि जुलै २०१८ च्या पावत्या शेजारी शेजारी ठेवून फोटो पाठवायला सांगितला. रक्कम तीच, तास तेच, वरचे अकरा आकडे वेगळे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, मी पावतीत फक्त खालचा आकडा बघायचो." सगळेच तसं करतात. महिन्याच्या पगारावर घर आणि गावाकडची आई असते तेव्हा नजर खालच्याच आकड्यावर जाणार.

अर्जात दिलेली माहिती बदलली तर ती कळवण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावरही असते. त्याने कळवलं नाही, कारण काही बदललंय हेच त्याला ठाऊक नव्हतं. मालकाने कळवलं नाही, कारण आपल्या निवृत्तीचा नोकराच्या व्हिसाशी काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. हा मालक भला माणूस होता, हे मी मुद्दाम लिहिते. स्पॉन्सरशिपच्या गोष्टीत खलनायक शोधायची आपल्याला सवय लागली आहे, आणि अशा मालकांची कमतरता नाही हेही खरं. पण माझ्यासमोर आलेल्या फाइलींमध्ये भल्या माणसांच्या अजाणतेपणाने बुडालेल्याही बऱ्याच आहेत.

अठ्ठावीस दिवस

२०१८ च्या अखेरीस मालकाकडून ताजे हिशेब मागवणारं पत्र आलं. त्याने प्रामाणिकपणे लिहून दिलं, की मी धंदा विकला आहे, आता जावयाला विचारा. जानेवारी २०१९ मध्ये नॉमिनेशन नामंजूर झालं. त्याने दाद मागितली नाही, आणि मागून उपयोगही नव्हता.

फेब्रुवारीत मुलाला पत्र आलं : तुमच्या अर्जाशी जोडलेलं नॉमिनेशन मंजूर झालेलं नाही, २८ दिवसांत म्हणणं मांडा, किंवा अर्ज मागे घ्या.

या प्रकरणाचा खरा कणा हे २८ दिवस आहेत. त्या वेळी त्याच्या हातात काय काय होतं? व्हिसाचा अर्ज अजून नाकारला गेला नव्हता. १८७ चा मार्ग उघडा होता. ब्रिजिंग व्हिसा ए वर असलेल्याला देशात राहूनच नवा १८७ अर्ज करता येत होता. मार्च २०१८ पासून तीन वर्षांच्या अनुभवाची अट आली होती, पण त्याच्याकडे विमेरातली जवळपास तीन आणि कागलची पाच वर्षं होती. जावई नवं नॉमिनेशन करायला एका पायावर तयार होता. म्हणजे नव्या कंपनीचं नवं नॉमिनेशन, त्यासोबत मुलाचा नवा व्हिसा-अर्ज, आणि मग जुना अर्ज मागे. नवी फी भरावी लागली असती, वाट पुन्हा पहिल्यापासून पाहावी लागली असती. पण दार उघडं राहिलं असतं.

झालं काय? तेव्हाच्या सल्लागाराने नव्या कंपनीचं नॉमिनेशन दाखल केलं, मात्र नवा व्हिसा-अर्ज केला नाही. 'नोकरी अजून आहे, नवा मालक स्पॉन्सर करतो आहे, जुन्याच अर्जाला हे जोडून घ्यावं' असं पत्र त्याने लिहिलं. पत्र मी वाचलं आहे. भाषा उत्तम, मुद्दा माणुसकीला धरून. पण २०१७ मध्येच फेडरल कोर्टाच्या पूर्ण पीठाने हा प्रश्न निकालात काढला होता : १८७ चा अर्ज ज्या नॉमिनेशनच्या आधारे केला, तेच मंजूर व्हायला हवं. नंतर केलेलं दुसरं नॉमिनेशन त्या अर्जाला वाचवू शकत नाही. ४५७ मध्ये नवा मालक नवं नॉमिनेशन करू शकायचा आणि व्हिसा चालू राहायचा. मला वाटतं, ती सवय या सल्लागाराच्या हाताला लागली होती. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण दोन वर्षांपूर्वीचा निकाल माहीत नसणं ही या धंद्यात लहान चूक नाही.

एप्रिल २०१९ मध्ये व्हिसा नाकारला गेला. त्याबरोबर कलम ४८ लागू झालं. देशात असताना व्हिसा नाकारला गेला आणि हातात ब्रिजिंगखेरीज व्हिसा नसला, तर मोजके अपवाद सोडून देशातून दुसरा अर्ज करता येत नाही, असं हे कलम सांगतं. देश सोडला की ही आडकाठी राहत नाही, बाहेरून अर्ज करता येतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये गंमत नव्हे, क्रूरता घडली : नव्या कंपनीचं नॉमिनेशन मंजूर झालं. जागा खरी, गरज खरी, पगार योग्य, सगळं मान्य. पण त्या मंजुरीला जोडायला व्हिसा-अर्जच नव्हता, आणि देशात राहून तो करता येत नव्हता. एक वाट तरीही होती. भारतात जाऊन तिथून १८७ दाखल करायचा. त्यासाठी शेवटचा दिवस होता १५ नोव्हेंबर २०१९, कारण १६ तारखेपासून डायरेक्ट एंट्री नव्या अर्जांना बंद होणार होती. पण गेला असता तर निकाल लागेपर्यंत तिकडेच थांबावं लागलं असतं. कापणी तोंडावर, बायकोला चौथा महिना. शिवाय व्हिसा नाकारल्याविरुद्ध न्यायाधिकरणात दावा केलेला होता, आणि तो आपण जिंकू असं त्याला सांगण्यात आलं होतं. तो गेला नाही. मी त्याच्या जागी असते तर गेले असते का? सांगता येत नाही.

न्यायाधिकरणात जिंकण्यासारखं काही नव्हतं. त्या दाव्याचा फायदा एकच होता, तो प्रलंबित असेपर्यंत ब्रिजिंग व्हिसा चालू राहणार होता. २० मार्च २०२० ला ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या. एप्रिलमध्ये मुलगी झाली. ती जन्मली ऑस्ट्रेलियात, पण आईवडिलांपैकी कोणी नागरिक किंवा पीआर नसल्याने ती नागरिक नाही. एका बाजूला कायदा म्हणत होता, बाहेर जाऊन अर्ज करा. दुसऱ्या बाजूला बाहेर गेलेल्याला परत यायला दार नव्हतं. आई गावी एकटी होती आणि २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तर भारतातून येणारी थेट विमानंही थांबवली होती. या मधल्या दीड वर्षाबद्दल तो फारसं बोलत नाही, आणि मी विचारलंही नाही.

दुसरी खुंटी

सप्टेंबरात फाइल हाती आली तेव्हा मी त्याला खरं सांगितलं. न्यायाधिकरणातला दावा हरणार, सीमा उघडल्या की बाहेर जाऊन नवा अर्ज करायची तयारी ठेवू. नवा अर्ज म्हणजे ४९४, प्रादेशिक कौशल्यधारकांसाठीचा मालक-पुरस्कृत तात्पुरता व्हिसा. १६ नोव्हेंबर २०१९ ला १८७ च्या जागी हाच आला. थेट पीआर नाही. पाच वर्षांचा व्हिसा, त्यातली तीन वर्षं अटी पाळून काढली की १९१ व्हिसासाठी, म्हणजे पीआरसाठी, अर्ज. त्या १९१ चं दारही तेव्हा उघडलेलं नव्हतं, ते उघडलं नोव्हेंबर २०२२ मध्ये.

तयारी चालू असताना नियम बदलला. १३ नोव्हेंबर २०२१ पासून कौशल्यधारकांच्या १९०, ४९१ आणि ४९४ या तीन व्हिसांसाठी कलम ४८ ची आडकाठी उठली. आता देशातूनच अर्ज करता येणार होता. मी फोन केला तेव्हा तो एका हेडरखाली झोपून काम करत होता. "थांबा, बाहेर येतो," म्हणाला, आणि मग मला फक्त वाऱ्याचा आवाज ऐकू येत राहिला.

४९४ मध्ये दोनाऐवजी तीन पायऱ्या असतात. आधी कंपनीने स्वतः मान्यताप्राप्त स्पॉन्सर व्हायचं, मग नॉमिनेशन, मग व्हिसा. जागेची किमान २८ दिवस जाहिरात द्यायची. स्थानिक प्रमाणन संस्थेचा अभिप्राय आता एकाच मुद्द्यावर, की पगार बाजारभावाइतका आहे ना. त्यावर तळाची मर्यादा असतेच. ती तेव्हा वर्षाला ५३,९०० डॉलर होती, आणि २०१३ पासून तिथेच थिजलेली होती. २०२३ मध्ये ती ७०,००० झाली आणि जुलै २०२५ मध्ये ७६,५१५. आज कोणी जुन्या मित्राचा करार पाहून हिशेब मांडत असेल तर त्याने हे आकडे आधी बघावेत. कौशल्य-मूल्यांकन टीआरएकडून, म्हणजे कारागिरांची कौशल्यं तपासणाऱ्या सरकारी संस्थेकडून, करून घ्यावं लागलं, इंग्रजीची परीक्षा पुन्हा द्यावी लागली, कारण जुन्या निकालाची मुदत संपली होती. वयाची अट ४५ च्या आतली, तो चौतीस वर्षांचा होता.

पैशाचा मुद्दा इथेच आला. नॉमिनेशनसोबत मालकाला प्रशिक्षण-निधीचा कर भरावा लागतो, वर्षाला एक कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या धंद्याला तो ३,००० डॉलर एकदाच. जावयाने २०१९ मध्ये एकदा भरला होता, तो वाया गेलेला. आता पुन्हा. मुलगा मला हळूच म्हणाला, "ताई, त्यांना जड जात असेल तर मी देतो की. कोणाला कळणार आहे?"

मी त्याला म्हटलं, "हे बोललास ते इथेच राहू दे." हा कर कामगाराकडून वसूल करता येत नाही, आडवळणानेही नाही. स्पॉन्सरशिपच्या बदल्यात मालकाने पैसे मागणं किंवा घेणं डिसेंबर २०१५ पासून फौजदारी गुन्हा आहे. देऊ करणाऱ्या कामगारालाही दंड होऊ शकतो आणि त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. पगारातून कापून घेणं, रोख परत घेणं, फुकट जादा तास राबवणं, सगळं त्यातच येतं. आपल्या लोकांत याला 'मालकाला थोडं सांभाळून घेणं' म्हणतात. त्या शब्दांची मला भीती वाटते. जावयाने कर कंपनीच्या खात्यातून भरला, पावती माझ्याकडे आहे.

नॉमिनेशन भरायच्या आधी मी जावयाला एकच प्रश्न दोन वेळा विचारला : पुढच्या पाच वर्षांत कंपनीच्या रचनेत काही बदल करायचा विचार आहे का? भागीदार, ट्रस्ट, विक्री, काहीही? तो म्हणाला, हिशेबनीस ट्रस्ट काढायचं सुचवतोय. मी त्या हिशेबनीसाशी तासभर बोलले. ट्रस्टचा बेत थांबला.

मार्च २०२२ मध्ये अर्ज गेले. सप्टेंबरात तिघांचा व्हिसा आला, आणि न्यायाधिकरणातला दावा आम्ही मागे घेतला.

व्हिसासोबत अटी आल्या. राहणं, काम, शिक्षण, सगळं प्रादेशिक भागातच. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून बाकी जवळजवळ सगळा देश त्यात येतो. गणपतीला मेलबर्नला यायला हरकत नाही, तिथे मुक्काम हलवायला आहे. काम फक्त स्पॉन्सरकडे आणि नॉमिनेशनमध्ये लिहिलेलंच. नोकरी सुटली तर दुसरा स्पॉन्सर शोधायला तेव्हा ९० दिवस मिळत. जुलै २०२४ पासून एका वेळी १८० आणि एकूण ३६५ दिवस मिळतात. हा बदल मला या सगळ्या वर्षांतला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ९० दिवसांच्या धाकाने माणसं कमी पगार आणि शिवीगाळ गिळून बसलेली मी पाहिली आहेत. त्याच जुलैपासून व्हिसाची भीती घालून कामगाराला राबवणं हाही स्वतंत्र गुन्हा झाला.

सप्टेंबर २०२५ मध्ये त्याची तीन वर्षं भरली. १९१ साठी तीन आर्थिक वर्षांच्या करआकारणीच्या नोटिसा लागतात. त्याने त्या पाठवल्या आणि सोबत न मागता छत्तीस महिन्यांच्या पगाराच्या पावत्याही पाठवल्या. प्रत्येक पावतीवर एबीएनच्या अकरा आकड्यांभोवती पिवळ्या हायलायटरने चौकट केली होती. मी एकेक करून तपासल्या. सगळ्या सारख्या होत्या. अर्ज ऑक्टोबरात दाखल झाला. पोच मिळाल्याचं कळवायला फोन केला तर मुलीने उचलला आणि मराठीत म्हणाली, "बाबा शेतावर गेलेत, हेडर बंद पडलाय."